स्वस्त लॅपटॉप कोणाला महाग पडतो?

२५-३० हजारांचा लॅपटॉप दीड वर्षात बिजागरीपाशी फुटतो, तेव्हा सगळ्यात आधी एकच प्रश्न विचारला जातो, "कसा वापरलास?" घरचे विचारतात, सर्व्हिस सेंटरवाला विचारतो, हॉस्टेलमधला मित्रही विचारतो. विचारणाऱ्याने उत्तर आधीच ठरवलेले असते. पोराला वस्तू सांभाळता येत नाही, पोरीने कुठेतरी आपटला असणार. आमचे म्हणणे असे आहे की हा प्रश्न चुकीच्या माणसाला विचारला जातो. ज्याने तो लॅपटॉप बनवला आणि विकला, त्याला आधी विचारले पाहिजे, "कसा बनवलास?"

आम्ही वस्तीतल्या अभ्यासिकेत बसणारी माणसे आहोत. आमच्यातल्या दोघा-तिघांना स्क्रू ड्रायव्हर धरता येतो, म्हणून आजूबाजूच्या पोरापोरींचे नादुरुस्त लॅपटॉप आमच्यापर्यंत येतात. कंपन्या वेगवेगळ्या असतात, मॉडेल वेगवेगळी असतात, आजार मात्र ठरलेले. डावी किंवा उजवी बिजागरी प्लास्टिक फाडून वर आलेली. चार्जरची पिन हलवत धरल्याशिवाय चार्ज न होणारा. कीबोर्डची चार बटणे मेलेली. बॅटरी फुगून टचपॅड वर उचललेला. वेगवेगळ्या घरांतली, वेगवेगळ्या स्वभावाची माणसे एकच चूक एकाच जागी करतात, असे कसे मानायचे? वेगवेगळ्या हातांत वस्तू एकाच जागी मोडत असेल तर दोष हातांत शोधण्यात अर्थ नाही.

हा प्रश्न किरकोळ नाही

काही मित्र म्हणतील, अन्याय-अत्याचाराचे एवढे प्रश्न समोर असताना लॅपटॉपच्या बिजागरीवर लेख कशाला? त्यांच्यासाठी आधी साधा हिशेब मांडतो.

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ च्या ७५ व्या फेरीनुसार देशातल्या ग्रामीण भागातील फक्त ४.४ टक्के घरांत संगणक होता, शहरी भागात २३.४ टक्के घरांत. त्यानंतर कोरोना आला, शाळा-कॉलेज पडद्यावर गेले आणि ज्या घरांनी कधी संगणक पाहिला नव्हता त्यांनी कर्ज काढून, हप्त्यावर, कानातले गहाण ठेवून लॅपटॉप घेतला. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात आलेला तो पहिला संगणक. आणि तो एकटाच. तो बंद पडला तर दुसरा नसतो. वडिलांचा ऑफिसचा लॅपटॉप, मोठ्या भावाचा जुना लॅपटॉप, अशी सोय आपल्याकडे नसते.

दुसरा हिशेब. स्वाधार योजनेत मुंबई, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांत शिकणाऱ्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्याला वर्षाला ६० हजार रुपये मंजूर होतात. त्यात भोजनाचे ३२ हजार, निवासाचे २० हजार आणि निर्वाह भत्ता ८ हजार. शैक्षणिक साहित्यासाठी वेगळे मिळतात ते वैद्यकीय-अभियांत्रिकीला ५ हजार आणि इतर शाखांना २ हजार. आता २८ हजारांच्या लॅपटॉपला ८ हजारांनी भागा. साडेतीन वर्षांचा निर्वाह भत्ता. म्हणजे पदवीचा जवळजवळ सगळा काळ. आणि ती वस्तू पदवीच्या दुसऱ्या वर्षातच दोन तुकडे होऊन पिशवीत घरी परत येते.

परीक्षेचा फॉर्म, महाडीबीटीचा अर्ज, प्रोजेक्टचा अहवाल, ऑनलाइन मुलाखत, कोडिंगचा सराव हे सगळे त्या एका वस्तूवर टांगलेले आहे. सेमिस्टरच्या मध्यावर ती मोडली की मुलगा मोबाइलवर अहवाल टाइप करतो, मैत्रिणीचा लॅपटॉप रात्री अकरानंतर मागून घेतो, कॅफेत तासाचे पैसे मोजतो. यात जे मार्क जातात, जी मुलाखत हुकते, ती कोणत्याही वॉरंटीत भरून मिळत नाही. म्हणून आम्ही म्हणतो की बिजागरी हा शिक्षणाचा प्रश्न आहे.

बिजागरी का तुटते?

तक्रार करायची तर यंत्र समजून घेतले पाहिजे. नाहीतर काउंटरवरचा माणूस दोन इंग्रजी शब्द फेकतो आणि आपण गप्प बसतो.

लॅपटॉपचा पडदा आणि खालचा भाग दोन बिजागऱ्यांनी जोडलेला असतो. बिजागरी स्वतः पोलादी असते, ती सहसा तुटत नाही. ती ज्या स्क्रूंनी बसवलेली असते ते स्क्रू पितळी नटांत फिरतात आणि हे छोटे पितळी नट प्लास्टिकच्या बारीक खांबांत गरम करून दाबलेले असतात. स्वस्त लॅपटॉपमध्ये सगळा भार या प्लास्टिकच्या खांबांवर येतो. पडदा सुमारे २० सेंटिमीटर उंच असतो आणि बिजागरीचे स्क्रू अक्षापासून जेमतेम दीड-दोन सेंटिमीटरवर. म्हणजे पडद्याच्या वरच्या कडेला आपण बोटाने लावलेला जोर स्क्रूपाशी सुमारे दहापट होऊन पोहोचतो. हे तरफेचे गणित आहे, शाळेतल्या विज्ञानातले. लांब दांड्याची पहार छोट्या दगडावर टेकवून मोठा धोंडा हलवतात, तेच इथे उलटे होते. दांडा आपल्या हातात आणि धोंड्याच्या जागी प्लास्टिकचा बारका खांब.

त्यात भर अशी की पडदा हव्या त्या कोनात थांबावा म्हणून बिजागरी मुद्दाम घट्ट ठेवतात. काळ जातो, धूळ बसते, आतले वंगण सुकते आणि ती आणखी घट्ट होते. पडदा एका कोपऱ्याला धरून उघडला की सगळा पीळ एकाच बाजूच्या खांबांवर जातो. दिवसातून दहा वेळा उघडझाप धरली तरी वर्षाला साडेतीन हजारांच्या वर होते. एक खांब चिरतो, त्याचा भार शेजारच्यावर जातो, तोही चिरतो, आणि एके दिवशी 'कट्' असा आवाज येऊन बॉडीची शिवण उसवते. तो आवाज शेवटच्या दिवसाचा असतो. मोडण्याचे काम त्याआधी कित्येक महिने आत चाललेले असते.

ही गोष्ट अभियंत्यांना माहीत नाही असे कोण म्हणेल? हेच अभियंते, याच कंपन्यांसाठी, कार्यालयांना विकायचे लॅपटॉप बनवतात तेव्हा बिजागरी धातूच्या चौकटीला किंवा जाड, ग्लास फायबर मिसळलेल्या मजबूत प्लास्टिकला बसवतात. लेनोव्होचा थिंकपॅड टी४८०, डेलच्या लॅटिट्यूड मालिकेतले आणि एचपीच्या एलिटबुक मालिकेतले लॅपटॉप २०१८ साली विकले गेले आणि आजही जुन्या बाजारात धडधाकट फिरताना दिसतात. तेव्हा प्लास्टिक म्हणजे वाईट आणि धातू म्हणजे चांगला, इतके हे सोपे नाही. काही स्वस्त लॅपटॉपच्या झाकणावर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा असतो आणि आतले खांब तेच ठिसूळ. वरून चकचकीत, आतून पोकळ.

खोक्यावर काय लिहिलेले असते आणि काय नसते

दुकानात गेल्यावर आपल्याला आकडे दाखवले जातात. प्रोसेसर कोणता, रॅम ८ जीबी की १६, एसएसडी ५१२. हे आकडे ऑनलाइन यादीत शेजारी-शेजारी मांडता येतात, म्हणून कंपन्यांची सगळी स्पर्धा तिथेच चालते. बिजागरी किती वेळा उघडझाप केल्यावर तपासली, खांब कशाचे आहेत, चार्जिंगचा सॉकेट मदरबोर्डला डकवला आहे की वेगळ्या वायरवर आहे, कीबोर्ड स्क्रूने बसवला आहे की प्लास्टिक वितळवून कायमचा चिकटवला आहे, यातले एकही खोक्यावर नसते. जे दिसत नाही त्यातूनच पैसा वाचवला जातो.

या एकेका गोष्टीचा खिशावर काय परिणाम होतो ते पाहा. चार्जिंगचा सॉकेट वायरवर असेल तर काही शे रुपयांत बदलतो. मदरबोर्डला डकवलेला असेल तर सर्व्हिस सेंटर थेट मदरबोर्ड बदलायला सांगते आणि त्याची किंमत ऐकून माणूस मुकाट उठतो. कीबोर्ड वितळवून बसवला असेल तर चार बटणांसाठी वरची अख्खी बॉडी बदलावी लागते. रॅम मदरबोर्डवर डकवलेली असेल तर आज घेतलेले ४ किंवा ८ जीबी हीच त्या लॅपटॉपची जन्मठेप. काही सर्वात स्वस्त मॉडेलमध्ये ६४ जीबीची साठवणही बोर्डवरच डकवलेली असते. ती भरली किंवा बिघडली की नवीन घालता येत नाही. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, तो हाच.

मग खोक्यावर 'मिलिटरी ग्रेड' लिहिलेले असते त्याचे काय? अमेरिकी लष्कराचे 'मिल-स्टँडर्ड ८१०' नावाचे चाचणी-पद्धतींचे पुस्तक आहे. कंपन्या त्यातल्या निवडक चाचण्या स्वतः करतात किंवा करून घेतात आणि शिक्का मारतात. अमेरिकी लष्कर कोणत्याही लॅपटॉपला तसे प्रमाणपत्र देत नाही. कोणत्या चाचण्या केल्या, किती कठोर केल्या, हे छापलेले नसेल तर त्या शब्दाला जाहिरातीपेक्षा जास्त वजन देऊ नये.

आणि भारतीय मानक ब्युरोची नोंदणी? ती सक्तीची आहे, २०१२ च्या आदेशाने लॅपटॉप त्या यादीत आले. पण ती नोंदणी सुरक्षिततेची आहे. विजेचा धक्का बसू नये, आग लागू नये एवढ्यासाठी. लॅपटॉप तीन वर्षे टिकेल की तीन महिने, हे ती तपासत नाही. म्हणजे आपल्या देशात लॅपटॉप जाळणार नाही याची हमी सरकार मागते, टिकेल याची मागत नाही.

आणखी एक बाब. बऱ्याच लॅपटॉपच्या तांत्रिक पत्रकात वापराचे कमाल तापमान ३५ अंश सेल्सिअस दिलेले असते. चंद्रपूर-नागपूरचा मे महिना ४५ च्या पुढे जातो, आणि पत्र्याच्या घरात त्याहून वाईट स्थिती असते. उष्णतेने लिथियम बॅटरी लवकर म्हातारी होते, ही साधी रासायनिक गोष्ट आहे. एसी खोली गृहीत धरून बनवलेली वस्तू पत्र्याच्या घरात विकायची आणि बॅटरी फुगली की वापरणाऱ्याला दोष द्यायचा. वस्तू कोणासाठी बनवली होती आणि कोणाला विकली, हे इथे कळते.

"एवढ्या पैशात एवढेच मिळणार"

हा युक्तिवाद आम्हाला आपल्याच लोकांकडून जास्त ऐकू येतो. त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे, कारण त्यात काही तथ्य आहे. २५ हजारांत ७० हजारांचा पडदा, वजनाने हलकी बॉडी, वेगवान प्रोसेसर मिळणार नाही. तशी मागणीही कोणी करत नाही. पडदा फिका असू दे. प्रोसेसर हळू असू दे. वजन दोन किलो असू दे. पण वस्तू उघडण्या-मिटण्याने मोडू नये, ही अपेक्षा किमतीवर अवलंबून नसते. स्वस्त सायकलला गिअर नसतात. म्हणून तिचे हँडल चालवता चालवता हातात यावे काय?

स्वस्त वस्तू मजबूत बनवता येते, याचा पुरावाही आहे. 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या प्रकल्पाने २००७ मध्ये गरीब देशांतल्या मुलांसाठी एक्सओ नावाचा लॅपटॉप आणला. १०० डॉलरचे उद्दिष्ट होते, प्रत्यक्षात किंमत २०० डॉलरच्या आसपास गेली. पण त्या किमतीतही त्याचा कीबोर्ड पाणी-धूळ आत न जाऊ देणारा रबरी होता, पडदा उन्हात वाचता येत होता, जाड प्लास्टिकची मूठ होती आणि त्या मुठीत दुरुस्तीसाठी जादा स्क्रू ठेवलेले होते. तो प्रकल्प पुढे अनेक कारणांनी फसला. महाग पडला, शिक्षकांची तयारी झाली नाही. मात्र त्याने एक गोष्ट दाखवून दिली. वापरणारा कोण आहे हे आधी ठरवले, तर कमी पैशातही त्याच्या हाताला, त्याच्या हवामानाला पेलेल अशी वस्तू बनते.

आता टिकाऊपणाचा हिशेब करून पाहा. २८ हजारांचा लॅपटॉप दोन वर्षे चालला तर वर्षाला १४ हजार पडले. ४२ हजारांचा पाच वर्षे चालला तर वर्षाला ८,४०० पडले. ज्याच्याकडे एकदम ४२ हजार आहेत तो वर्षाला कमी देतो. ज्याच्याकडे नाहीत तो जास्त देतो, आणि वर मधल्या दुरुस्तीचे, हप्त्याच्या प्रोसेसिंग फीचे देतो ते वेगळेच. गरिबाला स्वस्त विकून त्याच्याकडूनच जास्त वसूल करायचे, हा व्यवहार सावकारीच्या फार लांबचा नाही.

'फिजिकल डॅमेज' नावाची पळवाट

बहुतेक लॅपटॉपना एक वर्षाची वॉरंटी असते. त्या वर्षाच्या आत बिजागरी तुटली तरी सर्व्हिस सेंटर एक शब्द लिहून मोकळे होते, 'फिजिकल डॅमेज'. म्हणजे तुम्ही आपटला, वॉरंटी लागू नाही. आमच्याकडे आलेल्या कितीतरी लॅपटॉपवर बाहेरून एक ओरखडाही नव्हता, कोपरे शाबूत होते आणि आतले खांब मुळापासून उखडलेले होते. आपटलेल्या वस्तूच्या कोपऱ्याला खूण राहते. खांब आतून चिरत गेला असेल तर कोपऱ्याला काहीच नसते. हा फरक आम्हाला कळतो, मग प्रशिक्षित तंत्रज्ञाला कळत नाही काय? कळतो. पण त्याचा कागद इंग्रजीत असतो, समोर उभा असलेला मुलगा पहिल्यांदाच असल्या काचेच्या ऑफिसात आलेला असतो, आणि "सर, यू मस्ट हॅव ड्रॉप्ड इट" म्हटले की तो मान खाली घालतो. ती मान खाली जाते तिथेच कंपनीचे पैसे वाचतात.

मित्रांनो, ती मान वर करायला कायदा आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, जुलै २०२० पासून लागू. आपण तो वापरत नाही एवढेच. ५ लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीला शुल्क नाही. वकील लागतोच असे नाही. वस्तू कुठूनही घेतली असली, कंपनीचे कार्यालय बंगळुरूला असले, तरी आपण जिथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. आणि आपल्यासाठी सर्वात महत्त्वाचे म्हणजे, एकाच प्रकारे नाडल्या गेलेल्या अनेक ग्राहकांच्या वतीने, आयोगाच्या परवानगीने, एकत्र तक्रार करण्याची तरतूदही याच कायद्यात आहे. त्याआधीची पायरी म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. एकट्या पोराच्या लॅपटॉपला 'आपटला' म्हणता येते. एकाच मॉडेलचे, एकाच जागी मोडलेले दहा लॅपटॉप आयोगासमोर ठेवले तर दहा जणांनी आपटले म्हणणे जड जाईल.

सरकारने काय केले आणि काय करावे

सरकार स्वतः मोठे गिऱ्हाईक आहे, त्यामुळे त्याच्यावर जबाबदारी जास्त. ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत 'आकाश' टॅब्लेट आला. जगातला सर्वात स्वस्त म्हणून गाजावाजा झाला. ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, बोटाने जोर देऊन दाबावा लागणारा पडदा आणि लवकर संपणारी बॅटरी. चाचणीचे निकष काय असावेत यावरून पुरवठादार कंपनी आणि आयआयटी राजस्थान यांच्यात वाद झाला आणि २०१२ मध्ये प्रकल्प आयआयटी मुंबईकडे गेला. किंमत आधी ठरली, टिकाऊपणाचे निकष नंतर आठवले. त्याचा परिणाम विद्यार्थ्यांनी भोगला.

तामिळनाडूने त्याच २०११ साली विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप द्यायला सुरुवात केली आणि लाखो मुलांच्या हातात ते पोचवले. आपल्याकडे महाज्योतीने प्रवेश परीक्षांच्या प्रशिक्षणार्थींना टॅब्लेट दिले. अशा योजनांचे आम्ही स्वागत करतो. परंतु निविदेत काय लिहिले जाते ते आपण वाचले पाहिजे. प्रोसेसर आणि रॅम यांच्या ओळी असतात तशा बिजागरीच्या चाचणीची, बदलता येणाऱ्या बॅटरीची, तीन वर्षांच्या वॉरंटीची, तालुक्याच्या ठिकाणी दुरुस्तीची ओळ असली पाहिजे. लाखभर लॅपटॉप एकगठ्ठा घेणाऱ्याने अशी अट घातली तर कंपन्या ती मानतात, आणि एकदा तो साचा बनला की तोच बाजारातही येतो.

दुसरी मागणी दुरुस्तीच्या हक्काची. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये यासाठी समिती नेमली, डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केले, आणि २०२५ मध्ये मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुरुस्ती-निर्देशांकाचा आराखडाही आला. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपच्या किमतीशेजारी दहापैकी गुण लिहावे लागतात. उघडायला किती सोपा, सुटे भाग मिळतात का, त्यांची किंमत काय, दुरुस्तीची माहिती खुली आहे का, यावरून ते गुण ठरतात. पुण्याच्या किंवा नागपूरच्या दुकानात असा आकडा दिसत नाही. तो दिसावा आणि पहिल्या टप्प्यापासून लॅपटॉप त्यात असावेत, यासाठी निवेदने गेली पाहिजेत. निवेदन द्यायची आपल्याला सवय आहेच. एक निवेदन या विषयावरही जाऊ द्या.

तोपर्यंत आपण काय करायचे?

पहिले, घेण्याआधी हाताने तपासा. दुकानातला नमुना एका हाताने, पडद्याच्या मधोमध धरून उघडा. खालचा भाग सोबत उचलला जातो आणि जोर लावावा लागतो, तर बिजागरी फार घट्ट आहे. कीबोर्डच्या मध्यभागी अंगठ्याने दाबा, खड्डा पडतो का बघा. पडद्याचा कोपरा हलकेच पिळा. त्या मॉडेलचे नाव आणि 'हिंज' हा शब्द एकत्र टाकून इंटरनेटवर शोधा. लोकांचे फोटो दिसतील. रॅमची रिकामी खाच आहे का, बॅटरी स्क्रूने बसवली आहे का, एवढे दोन प्रश्न दुकानदाराला विचाराच. उत्तर देता आले नाही तर तेही उत्तरच आहे.

दुसरे, नव्याचा हट्ट सोडा. कार्यालयांतून निघालेले जुने बिझनेस लॅपटॉप मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला, दिल्लीच्या नेहरू प्लेसला आणि आता जवळपास प्रत्येक मोठ्या शहरात मिळतात. नवीन स्वस्त लॅपटॉपच्या किमतीत किंवा त्याहून कमीत मजबूत बॉडी, बदलता येणारी रॅम आणि कंपनीने जाहीर केलेली दुरुस्तीची पुस्तिका मिळते. अर्थात यातही धोका आहे. बॅटरी थकलेली असते, पावती आणि दुकानाची लेखी हमी न घेता घेऊ नये. इंटेलचा आठव्या पिढीच्या आधीचा प्रोसेसर असेल तर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तसा लॅपटॉप घेतला तर लिनक्स शिकून घ्या, ते फुकट आहे आणि शिकण्यासारखे आहे. "जुना कशाला घेतला?" असे नातेवाईक विचारतील. विचारू द्या. चकचकीत खोके दाखवण्यासाठी आपण शिकत नाही.

तिसरे, कागद जपा. पावती, वॉरंटी कार्ड, खोक्याचा फोटो. मोडल्याबरोबर, उघडण्याआधी, चारही कोपऱ्यांचे आणि मोडलेल्या जागेचे फोटो तारखेसह काढा. सर्व्हिस सेंटरकडून नकार तोंडी घेऊ नका, लेखी मागा. आणि तक्रार निकाली निघण्याआधी गल्लीतल्या दुकानात अराल्डाइट लावून घेऊ नका, त्याने पुरावा बुजतो.

चौथे, आणि आमच्या दृष्टीने सर्वात मोठे. प्रत्येक अभ्यासिकेत एक दुरुस्तीचे टेबल हवे. चांगला स्क्रू ड्रायव्हर संच, मल्टिमीटर, ब्रश, थर्मल पेस्ट. हा खर्च जयंतीच्या एका रात्रीच्या डीजेच्या भाड्यापेक्षा कितीतरी कमी आहे. वर्षातून एकदा सगळ्यांच्या लॅपटॉपच्या बिजागऱ्यांचे स्क्रू तपासायचे, पंख्यातली धूळ काढायची. घट्ट झालेली बिजागरी वेळेत थोडी सैल केली तर खांब वाचतात, हा आमचा अनुभव आहे. त्याच टेबलावर एक वही ठेवा. कोणते मॉडेल, कधी घेतले, कुठे मोडले, कंपनीने काय उत्तर दिले. आज प्रत्येकाचा मोडलेला लॅपटॉप हे त्याचे एकट्याचे दुर्दैव असते. वहीत ओळीने लिहिले की तो पुरावा होतो. शंभर अभ्यासिकांच्या शंभर वह्या एकत्र आल्या, तर कोणती कंपनी कोणत्या मॉडेलमध्ये विद्यार्थ्यांना फसवते हे सांगायला कुणा मोठ्या संस्थेच्या अहवालाची वाट पाहावी लागणार नाही.

एक शेवटचा मुद्दा. मोडलेला लॅपटॉप भंगारात जातो तेव्हा तो नाहीसा होत नाही. दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत तो उघड्या हातांनी फोडला जातो, बोर्ड जाळून-ॲसिडमध्ये बुडवून धातू काढले जातात. तो धूर गरिबांच्याच छातीत जातो. म्हणजे ठिसूळ वस्तूची किंमत गरीब माणूस दोनदा मोजतो, एकदा विकत घेताना आणि एकदा फोडताना. टिकाऊपणाची मागणी ही दोघांच्या बाजूने केलेली मागणी आहे.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी आपल्या मुलीला, भावाला, मित्राला "कसा वापरलास?" असे विचारले तर त्याला मध्येच थांबवा. लॅपटॉप उलटा करा, मागचे स्क्रू काढा, आतला तुटलेला खांब त्याला दाखवा. मग पावती घेऊन जिल्हा आयोगाची पायरी चढा, आणि जाताना त्याच मॉडेलचे आणखी चार जण सोबत घ्या.